बंदोबस्ताशिवाय

मोजणीला गेलं की चहा प्यायचा तर दोन्ही पार्ट्यांचा, नाहीतर कुणाचाच नाही, असा सरांचा नियम होता. अर्जदाराकडे अर्धा कप घेतला की बांध ओलांडून लगतच्या शेतकऱ्याकडे जायचं आणि तिथंही अर्धा कप घ्यायचा. तो म्हणाला, "साहेब, आमचा चहा तरी पुरा घ्या," तरी अर्धाच. भावाभावांच्या वाटपाची मोजणी असली की पंचाईत व्हायची. जितके भाऊ तितक्या चुली आणि तितके चहा. दुपारी सर एका हातानं छाती चोळत दुसऱ्या हातानं खुणा दाखवायचे. मी एकदा म्हटलं, "सर, सरळ सांगा ना, चहा सोडलाय म्हणून."

"पण सोडलेला नाही ना, ताई," ते म्हणाले.

मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला ते ताईच म्हणायचे. मी मिरजगावकडची, शेतकऱ्याच्या घरातली. भूकरमापकाची परीक्षा पास होऊन भूमी अभिलेख कार्यालयात लागले, तेव्हा रानात बाई बरोबर नेणार कोण, हा कार्यालयापुढं मोठाच प्रश्न पडला होता. सगळे एकमेकांकडं बघत होते. सर म्हणाले, "माझ्याबरोबर येतील." पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं, की उन्हात टोपी घालता की पदर घेता, कारण पदर मोजणीच्या मशीनच्या काचेवर येतो. मी टोपी घेतली. त्या टोपीवरून घरी जे रामायण झालं ते इथं सांगत नाही.

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती माणसाचं कुणाला नवल नाही. नाताळात आमच्या आळीतही करंज्यांची ताटं फिरतात. पण सर मेनोनाइट होते, आणि त्या पंथाचं जिल्ह्यात दुसरं कुणी त्यांना भेटलं नव्हतं. त्यांचे वडील छत्तीसगडातले, धमतरीकडचे सुतार. इथल्या एका शाळेच्या बाकांच्या कामाला आले आणि राहिले. सर इथंच शिकले, बायकोही इथलीच केली, दुसऱ्या चर्चची, शाळेत शिक्षिका. रविवारी ते बायकोच्या चर्चला जायचे, मागं बसून मोठ्यानं गाणी म्हणायचे. इथले ख्रिस्ती लोकही त्यांच्याबद्दल म्हणायचे, "आमच्यातलेच आहेत, पण जरा पल्याडचे."

या पंथाचं मला जे कळलं ते सरांच्या वागण्यावरून. शपथ घ्यायची नाही. सैन्यात जायचं नाही. कुणावर हात उचलायचा नाही आणि आपल्यासाठी दुसऱ्याला उचलायला लावायचा नाही. यातलं शेवटचं पंथाचं होतं की सरांनी पदरचं घातलेलं होतं, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण त्यातून पुष्कळ गमती निघायच्या. ते खाकी कापड वापरत नसत. नगरसारख्या फौजेच्या गावात राहून हा माणूस रणगाड्यांचं संग्रहालय पाहायला मुलांना घेऊन गेला नाही. मुलीच्या शाळेची सहल तिकडं निघाली, तेव्हा त्या दिवशी तिला भंडारदऱ्याला नेऊन धरण दाखवून आणलं. मुलगी पुढं मला म्हणाली, "धरण मी चारदा बघितलंय, रणगाडा एकदाही नाही."

खंडेनवमीला आमच्या कार्यालयात मोजणीच्या मशीनला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. सरांची त्याला हरकत नसे. फक्त शिपाई "शस्त्रपूजेला चला" म्हणाला की ते जागेवरूनच सांगायचे, "अवजारपूजा म्हणा, येतो." मग येऊन बाजूला हात बांधून उभे राहायचे आणि पेढा मात्र दोनदा घ्यायचे. त्यांची स्वतःची प्रार्थना रानात चालायची. मशीन उभं केलं की चपला काढायच्या, टोपी काढायची, डोळे मिटायचे. शेतकऱ्यांना वाटायचं साहेब भुईची परवानगी घेतायत. अकोले तालुक्यात असताना एका म्हाताऱ्यानं तेवढ्यात त्यांच्यापुढं नारळ फोडला होता. सरांनी खोबरं दोन्ही पार्ट्यांना वाटलं.

कोर्टात साक्षीला गेले की ठरलेला प्रवेश व्हायचा. शिपाई शपथ सांगायला लागायचा आणि सर म्हणायचे, "शपथ घेत नाही. खरं सांगतो." कायद्यात त्याची सोय आहे, शपथेऐवजी प्रतिज्ञा करता येते, न्यायाधीशांना ते ठाऊक असायचं. पण समोरचा वकील संधी सोडत नसे. "म्हणजे खोटं बोलायची मोकळीक ठेवलीत का?" असं तो विचारायचा. त्यावर सर म्हणायचे, "वकीलसाहेब, शपथ घेतल्यावरच खरं बोलणारा माणूस एरवी काय बोलत असेल?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गार झाले. तिसऱ्या कोर्टात तेच वाक्य त्याच जागी थांबून, तसंच हसून म्हटलेलं ऐकलं, तेव्हा कळलं की सरांना ते भारी आवडतं आणि ते प्रश्नाची वाट बघत असतात.

वर्षातून एकदा मात्र त्यांचा हा सगळा खेळकरपणा बंद व्हायचा. ईस्टरच्या आधी ते रजा टाकून रेल्वेनं धमतरीकडच्या आपल्या मूळ गावी जायचे. तिथं त्यांचे थोरले भाऊ मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चचे, पाळक होते. त्यांच्यात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, बसण्याआधी एकमेकांचे पाय धुतात. घमेल्यात पाणी घेऊन, खाली बसून, पुसूनसुद्धा देतात. आणि त्याच्याही आधी प्रत्येकानं आपलं मन तपासायचं असतं. कुणाशी वाकडं असेल तर आधी ते मिटवून यायचं, नाहीतर त्या वर्षी बसायचं नाही. भावाच्या हातून पाय धुवून घेतले की मला वर्षभर पुरतं, असं सर म्हणायचे. बाकी कुठल्याच गोष्टीबद्दल मी त्यांना असं बोलताना ऐकलं नाही.

आता गयाबाईंचं सांगते.

गयाबाई प्रवरेच्या काठच्या एका गावातल्या. नवरा वारलेला, मुलगी सासरी. रान दिरानं आणि त्यांनी वाटून घेतलेलं. दिरानं दरवर्षी नांगर थोडा थोडा आत घालत बांध असा सरकवला, की विहिरीकडची पट्टी सगळी त्याच्याकडं गेली. विहीर कागदावर दोघांची, पण बाईंना तिथवर जायला वाटच राहिली नाही. पाणी नाही म्हणून निम्मं रान पडीक. त्यांनी हद्द कायम करायची मोजणी मागितली. आमचे लोक दोनदा गेले आणि दिरानं दोनदा हाकलून लावले. मग बाईंनी पोलीस बंदोबस्त मागितला, आणि ते प्रकरण सरांकडं आलं.

सरांनी कधीच बंदोबस्तात मोजणी केली नव्हती. तशी प्रकरणं ते दुसऱ्याला देत आणि त्याबदल्यात त्याची अकोल्याच्या डोंगरातली भातखाचरं मोजून देत, जी कुणालाच नको असत. या वेळी घ्यायला कुणी नव्हतं. त्यांनी गयाबाईंना कार्यालयात बोलावलं आणि म्हणाले, "बाई, पोलीस नकोत. मी तुमच्या दिरांशी बोलतो. मोजणी मी करून देतो."

गयाबाईंनी त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. "करून देता नव्हं? मंग मला काय. पोलीस तरी मला कुठं ववाळायचेत."

आम्ही गेलो. सर, मी आणि एक मदतनीस. सरांनी आधी दिराकडं अर्धा कप चहा घेतला. तो बरा बोलला. आम्ही मशीन लावलं, सर प्रार्थना करून उभे राहिले, आणि जुन्या खुणेवर काठी धरली गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की रेघ कुठून जाणार आहे. तो आणि त्याचा मुलगा धावत आले. त्यानं मदतनिसाच्या हातातली काठी हिसकली आणि सरांच्या डोक्यात घातली. सर खाली बसले. त्यांनी हात वर केला नाही, डोक्यावरसुद्धा धरला नाही. दिरानं आणखी एकदा काठी उचलली, पण खाली बसलेल्या माणसाला कुठं मारायचं हे त्याला कळेना, म्हणून ती त्यानं उसात भिरकावली. बांधावरून गयाबाई ओरडत होत्या. मी मशीन मिठीत धरून उभी होते, कारण ते सरकारी होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घालता घालता विचारलं, "कशानं लागलं?"

"काठीनं."

"मारली कुणी?"

"ते मी सांगणार नाही."

आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी डोक्याला हात लावला. सरकारी कामात अडथळा, साधी गोष्ट, तक्रार द्या, तो आत जाईल आणि मोजणी निवांत होईल. सर नाही म्हणाले. मी म्हटलं, मी देते तक्रार, मी बघितलंय. तर मला म्हणाले, "ताई, मार मला बसला आहे. माफ करण्याचा हक्क माझा." मी चिडून घरी गेले. साहेबांनी कागदावर "विरोधामुळे मोजणी झाली नाही" असं लिहून प्रकरण बाजूला ठेवलं.

पुढच्या आठवड्यात सर डोक्याला पट्टी बांधून एकटेच दिराच्या घरी जाऊन आले. माझ्या मनात काही नाही, असं सांगायला. त्यानं त्यांना जेवायला घातलं. परत आले ते अगदी हलके होऊन. रजेचा अर्ज लिहिताना गुणगुणत होते. मला म्हणाले, "या वर्षी मन साफ करून चाललो."

अर्जावर सही व्हायच्या आत गयाबाई कार्यालयात हजर. गावात बातमी पसरली होती.

"साहेब, तुमी त्याला माफ केलं म्हनं?"

"हो, बाई."

"कोनाला इचारून?"

सरांनी हातातला पेन टेबलावर ठेवला.

"डोस्कं तुमचं फुटलं, मला कळतं. पन रान माझं गेलं. तुमी त्याच्या घरी जेवला. माझ्या दारात आलात व्हय? तुमीच म्हनला पोलीस नगं, मी करून देतो. मी ऐकलं. आता तो गावात सांगत फिरतो, साहेबानं मला माफ केलं, म्हंजी मीच खरा. माफी तुमाला लागती साहेब. मला बांध लागतो." एवढं बोलून त्या बाकावर बसल्या आणि पदरानं मान पुसायला लागल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता. आमच्या शिपायानं न सांगता त्यांना पाणी आणून दिलं.

सरांनी रजेचा अर्ज परत घेतला. त्या वर्षी ते गावी गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, शास्त्रात असं लिहिलंय, की तुझ्याविरुद्ध कुणाच्या मनात काही असेल तर आधी त्याच्याकडं जा. "मी ते वाचून मारणाऱ्याकडं गेलो. पण त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काय होतं? काहीच नाही. ज्यांच्या मनात असायला हवं त्या बाईंचा विचारही माझ्या डोक्यात आला नाही." मला त्यांचा राग होता तो तिथं निम्मा गेला. निम्मा राहिला, कारण बाईंच्या रानात त्या उन्हाळ्यातही पाणी नव्हतंच.

बंदोबस्ताचं पत्र सरांनी स्वतः लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. साहेब म्हणाले, मोजणी तुम्ही करू नका, ताईंना करू द्या, तुमच्या मनाविरुद्ध कशाला. मलाही तेच बरं वाटत होतं. सर म्हणाले, "शब्द मी दिला होता. ताईंच्या आड कशाला लपू?" आणि ते पोलिसांच्या गाडीत पुढं बसून गेले. मी मागं बसले. त्या दिवशी त्यांनी रानात प्रार्थना केली नाही. चहाही घेतला नाही, एकाही घरचा.

मोजणी नीट चालली होती. दीर लांब उभा होता. शेवटच्या खुणेपाशी त्याचा मुलगा पुढं आला. त्याच्या हातात काही नव्हतं, नुसता बोलत होता, जरा जोरात. एका हवालदारानं त्याच्या कानाखाली एक लगावली. पोरगं विशी-बाविशीचं. त्याची टोपी पडली, ती त्यानं उचलली आणि मागं जाऊन बापाशेजारी उभा राहिला. सरांचा डोळा तेव्हा मशीनला होता, पण त्यांनी ते काचेतूनच पाहिलं. त्यांनी डोळा काढला नाही. त्यांनी आकडा सांगितला आणि मी लिहून घेतला. मग म्हणाले, "पुन्हा घेतो, माझा हात हलला." पुन्हा घेतला. बरोबर आला. दगड रोवले गेले आणि विहिरीकडची पट्टी गयाबाईंची झाली. दगडांना चुना बाईंनी स्वतः लावला. सगळे निघाल्यावर मला तेवढं म्हणाल्या, "लई उशीर केला, पन केलं."

पुढच्या ईस्टरला सर गावी गेले. तिथं काय झालं ते त्यांनी मला सांगितलं ते आले त्या दिवशीच, स्कूटर स्टँडवर लावता लावता. प्रभुभोजनाच्या आधी त्यांनी मंडळीपुढं उभं राहून सगळं सांगितलं. मी पोलिसांना बोलावलं, माझ्या कामासाठी एका मुलाला मार बसला आणि मी काम थांबवलं नाही. मंडळीतली माणसं चांगली आहेत. कुणी दोष दिला नाही. भाऊ म्हणाले, पश्चात्ताप झाला आहे एवढं म्हण आणि ये, बस. सर म्हणाले, त्या मुलाला मारलं त्याचं मला दुःख आहे. पोलिसांना बोलावल्याचा पश्चात्ताप झालेला नाही. ती बाई पुन्हा आली तर पुन्हा बोलावीन.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. शेवटच्या बाकावर बसलो."

"अहो सर, म्हणून टाकायचं ना एक वाक्य! देवाला कळत नाही का?"

"देवाला कळतं म्हणूनच पंचाईत आहे, ताई."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आणि निवृत्तीनंतरही ते दरवर्षी जात राहिले. दरवर्षी भाऊ त्यांना आधी बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारायचे, सर तेच उत्तर द्यायचे आणि शेवटच्या बाकावरून बाकीच्यांचे पाय धुतले जाताना बघायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, मग जाता कशाला एवढ्या लांब? त्यांनी रेल्वेचं तिकीट खिशात घातलं. मला त्यांची फार कीव आली आणि रागही आला, त्यांच्या भावाचा, त्यांच्या पंथाचा, आणि खरं सांगायचं तर थोडा गयाबाईंचाही. त्यांचं काय चुकलं होतं? पण आला.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. सरांच्या बायकोनं फोन केला, आम्ही सगळे नगरच्या कबरस्तानात गेलो. भाऊ मातीला पोचू शकले नाहीत, दुसऱ्या दिवशी आले. सरांसारखेच उंच, पण वाकलेले, काठी टेकत चालणारे. त्यांना मराठी समजत होतं, बोलता येत नव्हतं. कबरीजवळ थोडा वेळ थांबले आणि मला हिंदीत म्हणाले, ते शेत मला बघायचं आहे.

मी गाडी करून त्यांना नेलं. गयाबाई रानातच होत्या, कांद्याला पाणी देत होत्या. सर गेले हे मी सांगितल्यावर त्यांनी खोरं खाली ठेवलं, "बरा मानूस हुता," म्हणाल्या आणि डोळे पुसले. सरांनी त्या मोजणीपायी काय सोडलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. सरांनी मला कधी सांगू दिलं नाही.

भाऊ बांधाच्या दगडापाशी गेले. त्यांनी काठीनं त्याच्या भोवतीचं गवत बाजूला केलं. मग दगडापासून विहिरीपर्यंत बघितलं, पाट बघितला, आणि पाण्याची दारं धरायला पुन्हा वाकलेल्या गयाबाईंकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं प्रार्थना करतायत.

"मैं भी बुला लेता," ते म्हणाले. "पुलिस. मैं भी बुला लेता." आणि मग, "उसको कभी बोला नहीं."

ते रडत होते. गयाबाई कमरेवर हात ठेवून जवळ आल्या आणि मला हळूच विचारलं, "काय म्हनत्यात पावनं?"

मी सांगितलं. म्हणतात, त्या वेळी पोलीस मीही बोलावले असते.

"मंग?" गयाबाई म्हणाल्या. "बलवायचेच की. त्यात रडन्यासारखं काय हाय?"